बयाजीची सुईण

गावात दिवस भरत आलेली एकही बाई नव्हती, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? म्हणून आबा पाटील सकाळी सकाळी दारात येऊन म्हणाले, "अंजिरा, उद्या बाळंतपण हाय, हात मोकळं ठेव," तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याची रात्रीची अजून उतरलेली नाही.

"कुनाचं वो?" मी विचारलं.

"बयाजीचं."

मी काखेतली घागर खाली ठेवली. "सगुनाचं म्हनत असाल तर आधी माझ्या दारातनं निघा, आबा. ती तसली बाई न्हाई."

"सगुनाचं न्हवं. बयाजीचंच. त्यो जल्माला यायचाय."

असं म्हणून आबा माझ्या उंबऱ्यावर बसले. गावचा पाटील न्हाव्याच्या उंबऱ्यावर बसतो, म्हणजे गोष्ट गंभीर होती.

हे एकवीस सालचं. पहिल्या महायुद्धाला आमच्याकडे बसऱ्याची लढाई म्हणत. आंबरवाडी सातारा जिल्ह्यातलं एवढंसं गाव, पण घराघरांतून माणूस पलटणीत गेलेला. ती भरती आबा पाटलांनीच करून दिली होती. त्याबद्दल सरकारने त्यांना जरीचा साफा दिला. पहिली दोन वर्षं तो डोक्यावरून उतरत नव्हता, पुढे त्यांनी तो बांधणं सोडून दिलं. माझे वडीलही पलटणीत न्हावी होते. त्यांनी मला घरी अक्षर शिकवलं, त्या जोरावर पुढे मी नर्सची परीक्षा दिली आणि तालुक्याच्या दवाखान्यात आयुष्य काढलं. पण तेव्हा मी नुसती न्हाव्याची सून होते आणि सासू गेल्यावर गावचं सुईणपण माझ्याकडे आलं होतं.

आमची पुष्कळ माणसं तिकडे कूत नावाच्या गावात तुर्कांच्या वेढ्यात अडकली. वेढा उठेना, अन्न संपलं, शेवटी सगळे कैद झाले. त्यानंतर कुणाची बातमी आली, कुणाची आलीच नाही. बयाजी कैदेत मेला असं सरकारने कळवलं. प्रेत नाही, तर रीतीप्रमाणे नरहरभटजींनी पळसाच्या पानांचा माणूस केला, त्याला धोतर नेसवलं आणि नदीकाठी नेऊन अग्नी दिला. दहावं झालं, तेरावं झालं. बयाजीची बायको सगुणा, तिच्या बांगड्या फुटल्या, कपाळ पांढरं झालं. पुढे मानमोडीच्या तापाच्या साथीत बयाजीची आईही गेली. पाठीला ना भाऊ, ना बहीण.

आणि लढाई संपल्यावर तीन वर्षं परमुलखात भटकून, चार दिवसांपूर्वी भर दुपारी बयाजी चालत गावात आला.

विहिरीवरच्या बायका घागरी टाकून पळाल्या. पोरांनी दगड मारले. तो वेशीबाहेर भैरोबाच्या देवळात जाऊन बसला, तेव्हा त्याचे पाय उलटे आहेत की काय ते पाहायला अर्धा गाव जमला. पाय सरळच होते. टाचांना मात्र बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या.

त्याच्या जवळ जायची हिंमत एकीनेच केली. म्हाळसाकाकीने. काकीचा एकुलता एक हैबती बयाजीबरोबरच भरती झालेला, दोघे एकाच तुकडीत. हैबतीची काहीच बातमी नव्हती, मेल्याचीही नाही. नरहरभटजींनी दोनदा सुचवून पाहिलं की त्याचाही पळसाचा विधी करून टाकावा, जिवाला गती मिळेल. दुसऱ्या वेळी काकी केरसुणी घेऊन त्यांच्या मागे लागली. सोवळ्यातले भटजी धोतर सावरत पळतायत, हे दृश्य गाव अजून विसरलेलं नाही.

काकीने बयाजीपुढे पाण्याचा तांब्या ठेवला. मी तिच्यामागे दहा हातांवर उभी होते.

"बयाजी," ती म्हणाली, "माझा हैबती?"

बयाजीने तांब्या तोंडाला लावला नाही. काकीच्या पायांकडे पाहत राहिला.

"पानी पी," काकी म्हणाली आणि परत फिरली. त्यानंतर तिने त्याला काही विचारलं नाही.

आता अडचण अशी होती की बयाजी होता, पण गावाच्या लेखी नव्हता. जाळलेला माणूस. त्याच्या हातचं पाणी कुणी घेईना, त्याला वेशीच्या आत कुणी घेईना. तो तसाच घरात शिरला असता तर सगुणा विधवा राहून परपुरुषासोबत राहते, असं झालं असतं. तिला वाळीत टाकलं असतं, होणाऱ्या पोरांशी कुणी सोयरीक केली नसती.

सगुणाला देवळाकडे जायची बंदी होती. ती भाकरी करायची, मी नेऊन द्यायची. पहिल्या दिवशी तिने मला परसात ओढलं.

"त्योच हाय का गं?"

"त्योच हाय."

"नीट बघितलंस?"

"बाई, त्याच्या जल्माला माझी सासू हुती. मानंवर डाग हाय त्यो बी बघितला."

तिने पदराने हात पुसले. मग म्हणाली, "दात हाईत का सगळे?"

मला हसू फुटलं. "दोन गेल्यात. बाकीच्यांनी तुझी भाकरी खातूय की."

"भाकरी करपली हुती आज," ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. सात वर्षांत नवऱ्याला पाहिलेलं नाही, तो हाकेच्या अंतरावर बसलाय आणि हिला त्याचे दात माझ्याकडून विचारावे लागतात. मला सगळ्या गावाचा राग आला.

नरहरभटजी वाईट माणूस नव्हते. त्यांनी रात्र जागून पोथ्या काढल्या आणि वाट शोधली. ज्याची क्रिया झाली तो जिवंत परत आला, तर त्याने पुन्हा जन्म घ्यावा. जातकर्म, बारसं, मुंज ज्यांच्यात असेल त्यांच्यात मुंज, आणि शेवटी आपल्याच बायकोशी पुन्हा लग्न. पोथीत एवढंच होतं. पण गावातल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, जन्म म्हटला तर सुईण पाहिजे, आणि सुईण म्हटली तर आई पाहिजे. पदराखालून पोर काढायला कुणीतरी बाई बसली पाहिजे.

"आनि आईचंच अडलंय," आबा माझ्या उंबऱ्यावर बसून म्हणाले.

"त्येची चुलती हाय की."

"तिनं हात जोडलं. तिला तीन पोरं हाईत."

मला समजलं. जाळलेल्या माणसाला जी बाई ओटीत घेईल, तिच्या ओटीतलं एक पोर यम बदल्यात नेईल, अशी बायकांची पक्की समजूत. ज्यांना पोरं होती त्या घाबरल्या. ज्यांना पोर झालंच नव्हतं त्या चालत नव्हत्या, कारण ज्या पोटाने कधी जन्म दिला नाही ते जन्म कसा देणार?

"पंचमीपातुर आई गावली न्हाई," आबा म्हणाले, "तर त्येला म्या सातारला धाडून देतो. हमाली बघ, मजुरी बघ, आनि परत हिकडं येऊ नगं. दुसरं काय करू? म्याच नेलं पोरांना त्या भरतीला."

"पंचमी उद्या हाय, आबा."

"म्हनून तर आलोय. तू बायकांत बसतीस. बघ कुनी तयार हुतं का."

मी सबंध दिवस गावात फिरले. कुणी दार लावून घेतलं, कुणी मलाच शिव्या घातल्या. खरं सांगायचं तर मीही मनातून घाबरले होते. ज्या हाताने जाळलेल्या माणसाची नाळ कापायची, त्या हाताला उद्या कुठली बाई आपलं पोट धरू देईल? पण सगुणाने विचारलेले ते दात डोक्यातून जाईनात.

दिवस कलायच्या सुमाराला मी हात हलवत परत आले. आबांना तसं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भैरोबाच्या पटांगणात बयाजीचं गाठोडं बांधून ठेवलेलं होतं. आबांनी त्याला वाटखर्चाला काही दिलं असावं, तो ते परत करत होता. गाव लांबून पाहत होता. बायकांच्या घोळक्यात सगुणा पांढऱ्या कपाळाने उभी होती. तिला कुणी अडवलं नाही, कारण आता तो जाणारच होता.

तेवढ्यात म्हाळसाकाकी आली. न्हालेली, केस ओले, अंगावर धुवट लुगडं.

"अंजिरा, घोंगडी आनली न्हाईस?" ती म्हणाली. "आडोसा कशाचा करनार?"

चुलती पुढे आली आणि कळवळून म्हणाली, "म्हाळसाबाई, असं करू नगा वो. तुमचा हैबती अजून..."

"हैबतीची काळजी तुमी करू नगा."

"अवं, पन यम..."

"यमाला म्या द्याचं ते दिलंया," काकी म्हणाली. "माझ्याकडं त्याचं काय बी न्यायचं राहिलं न्हाई."

पाच वर्षं ही बाई हैबती जिवंत आहे म्हणून गावाशी भांडत आली होती. देवळाच्या पायरीवर बयाजीने मान खाली घातली.

नरहरभटजी पुढे झाले. ते काही शंका काढतील म्हणून मी धास्तावले, पण ते काकीला एवढंच म्हणाले, "बाई, एकदा हा तुमच्या ओटीत आला की तुम्ही त्याची आई. उद्या हैबती आला तरी हा थोरला. हे मोडता येत नाही."

"मोडाया कोन बसलंय?" काकी म्हणाली. "तुमी मंतर म्हना."

चार बाया धावल्या. घोंगडी आली, बाज आली. देवळाच्या भिंतीला लागून दोन बाजूंनी घोंगडी बांधून आम्ही खोली केली. बाहेर भटजी आणि सगळा गाव, आत आम्ही तिघं. काकी बाजेवर भिंतीला टेकून बसली. मी बयाजीला कमरेला पंचा गुंडाळून वाकायला सांगितलं. मोठा धिप्पाड माणूस होता एके काळी. आता नुसती हाडं होती, आणि पाठीवर दोन्ही खांद्यांच्या मध्ये कातडी घासून घासून काळी पडलेली. ओझं वाहिल्यासारखी.

एक लाल दोरा मी काकीच्या कमरेला बांधला आणि त्याचं दुसरं टोक बयाजीच्या पोटाला. ही नाळ. मग तो काकीच्या पदराखाली शिरला आणि मी सुईणीने म्हणायचं ते म्हणत राहिले, "घे जोर, काकी, घे जोर." पहिल्यांदा म्हणताना मलाच ओशाळल्यासारखं झालं. पण काकीने खरंच बाजेचा खूर धरला, डोळे मिटले, कपाळावर घाम आला. कळा देणाऱ्या बायका मी खूप पाहिल्या होत्या. ती सोंग करत नव्हती. त्या क्षणापासून मीही केलं नाही.

बयाजी पदराखालून बाहेर आला. मी त्याचं डोकं धरून काकीच्या मांडीवर ठेवलं, अंगावर कोमट पाणी घातलं, तोंड पुसलं.

"झालं काय गं?" बाहेरून आबांनी विचारलं.

"थांबा की," मी म्हणाले. "रडलं न्हाई अजून."

न रडलेल्या पोराची नाळ मी कधी कापलेली नव्हती. रडत नाही ते पोर जिवंत नव्हे, असं सासूने मला शिकवलं होतं. पोथीत हे नसेल. पण मला तिथे सुईण म्हणून बोलावलं होतं आणि माझ्या हातात जे होतं ते मी सोडणार नव्हते.

"बयाजी, रड," मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग तोंड उघडून "आँ" केलं. घोंगड्यापलीकडे पोरं फिदीफिदी हसली.

"ही बकरीची तऱ्हा झाली," मी म्हणाले. "नीट रड." आणि त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, पोराला घालतात तसा. दुसरा जरा जोरात घातला. त्याने ओठ दाबून धरले. डोळे कोरडे ठणठणीत.

"अंजिरा, काप की बाई नाळ," बाहेरून चुलती म्हणाली. "मुहूर्त जातूय."

"न्हाई कापायची. मेलेलं पोर मी गावाला देनार न्हाई."

बाहेर गलका झाला. भटजी मंत्र म्हणायचे थांबले. बयाजी दबक्या आवाजात मला म्हणाला, "अक्का, न्हाई येत मला. लई दिस झालं, येतच न्हाई. जाऊ द्या मला सातारला."

तो उठायला लागला. काकीने त्याच्या कपाळावर हात ठेवून त्याला परत मांडीवर टेकवलं.

"हैबती कसा गेला ते सांग," ती म्हणाली.

"नगं, काकी."

"काकी न्हवं आता. सांग."

"तुमी ऐकू नगा. तुमाला सोसायचं न्हाई."

"माझ्या पोटातनं आलास तू. माझ्यापासनं काय लपवतूस?"

तिचा हात त्याच्या केसांतून फिरत होता. तो वर आभाळाकडे पाहत होता. बोलायला लागला तेव्हा त्याचा आवाज खालीच होता, पण बाहेर एवढी शांतता झाली की सगळ्यांनी ऐकलं.

"कुताला अन्न सरलं. सायबानं घोडी कापायचा हुकूम केला. गोऱ्यांनी खाल्ली. आमी न्हाई म्हनलो. मग रोज मानसं मरायला लागली. मोठमोठ्या धर्माच्या मानसांनी निरोप धाडला म्हनं, खावा, पाप न्हाई. तरी कुनी खाल्लं, कुनी न्हाई." तो थांबला. "म्या खाल्लं. हैबतीला म्हनलं, गड्या, डोळं झाक आनि गीळ. त्यो म्हनला, आईनं निघताना भंडारा लावून देवाची आन घातलीया, परमुलखात धर्म सोडनार न्हाई म्हनून. आनि घोडं तर खंडोबाचं बसायचं, त्ये कसं खाऊ? त्यानं नदीकाठचं गवात उकडून खाल्लं. म्या त्याच्यासमोर बसून घोडं खाल्लं, आनि त्यानं गवात खाल्लं."

काकीचा हात थांबला होता.

"मग कैद झालो. तुर्कांनी वाळवंटातनं चालवलं. त्याच्यात बळच न्हवतं. पडंल त्येला तितंच टाकत हुते. म्या पाठीवर घेतला. लई हलका झाला हुता वो. ल्हान पोरावानी. चालताना म्या गावचं कायबाय बोलायचो, त्यो हूं हूं करायचा. एक दिस म्या बोलतच ऱ्हायलो. आनि त्यो कवाच गेला हुता. पाठीवरच. मला कळलंच न्हाई. म्या बोलतच हुतो त्याच्याशी."

आणि बयाजी रडला.

मी पुढे दवाखान्यात तीस वर्षं काढली, अगणित पोरं जन्मताना ऐकली. तसं रडणं पुन्हा ऐकलं नाही. तो हातपाय पोटाशी घेऊन, तोंड उघडं टाकून, श्वास संपेपर्यंत रडत होता, मग नवा श्वास घेत होता आणि पुन्हा रडत होता. मला भीती वाटली, आणि भीतीहून मोठं काहीतरी वाटलं. देवळाच्या गाभाऱ्यात एकटं उभं राहिल्यावर वाटतं तसं.

मला काकीकडे पाहायचं धाडस होत नव्हतं. तिनेच घातलेल्या शपथेपायी तिचं पोर उपाशी मेलं होतं. हेच बयाजीने वेशीवर गिळून टाकलं होतं, आणि हेच मी हट्टाने त्याच्याकडून बाहेर काढलं होतं.

बाहेर कुणीतरी म्हणालं, "घोडं खाल्लं?" दुसरा आवाज आला, "मग ह्येला जातीत कसा घ्याचा?" आबा कुणावर तरी खेकसले, पण कुजबुज वाढतच गेली. बयाजीच्या जन्मासाठी जमलेल्या गावाला आता त्याच्याकडे पाठ फिरवायला वेळ लागला नसता. घोंगड्याच्या फटीतून मला सगुणाचा चेहरा दिसला.

"कोन म्हनालं त्ये?" म्हाळसाकाकीने विचारलं. तिचा आवाज चढला नव्हता. "कोन म्हनालं घोडं खाल्लं म्हनून?"

तिने बयाजीच्या अंगावर पदर ओढला.

"हे पोर आत्ता जल्मलंय. अजून ह्येच्या तोंडाला दुधाचा थेंब लागला न्हाई, मधाचं बोट लागलं न्हाई. ह्येनं काय खाल्लंय? जल्मल्या पोरानं काय खाल्लंय, सांगा की भटजी!"

नरहरभटजींनी घसा साफ केला. "काही नाही, बाई," ते म्हणाले. "काहीसुद्धा खाल्लेलं नाही." आणि त्यांनी खणखणीत आवाजात मंत्र पुढे सुरू केले.

काकीचा हात पुन्हा बयाजीच्या केसांतून फिरू लागला. मी दोरा चिमटीत धरला आणि विळ्याने कापला.

काकीने माझ्याकडे पाहिलं आणि प्रत्येक बाळंतीण पहिलं विचारते तेच विचारलं.

"अंजिरा, पोरगं हाय का पोरगी?"

"पोरगं हाय, काकी," मी म्हणाले, आणि माझे डोळे वाहायला लागले.

"मग मध आना. उपाशी हाय माझं पोर."

बाळंतपणाचं दहा दिवसांचं सोयर तिने बिनचूक पाळलं. बयाजी तिच्याच घरी राहिला. मी रोज जाऊन दोघांना तेल लावायची. एवढ्या थोराड बाळाला न्हाऊ घालताना माझा जीव जायचा आणि तो लाजून भिंतीकडे तोंड करायचा. पहिल्याच दिवशी चुलतीने बाळंतिणीसाठी हळिवाची खीर आणून ठेवली. मग दुसरीने बाळंतशोपा आणली, तिसरीने तूप. ज्यांनी माझ्या तोंडावर दारं लावली होती त्याच बाया. काकी सगळं निमूट खायची. बाळंतिणीने रडायचं नसतं, दूध आटतं. ती रडली नाही. हैबतीचं नावसुद्धा तिने काढलं नाही.

बारशाला सगळ्यांना वाटलं होतं, ती त्याचं नाव हैबती ठेवणार. तिने त्याच्या कानाशी वाकून 'बयाजी' म्हटलं. चुलतीने हळूच विचारलं तेव्हा म्हणाली, "ज्याचं नाव त्याच्यापाशी ऱ्हाऊ द्या."

त्याच दिवशी दुपारी लग्न लागलं. कासारणीने सगुणाला हिरव्या बांगड्या भरल्या. अंतरपाट दूर झाला तेव्हा दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि सगुणाने सगळ्यांदेखत, लाजलज्जा सोडून, त्याच्या गालाला हात लावला. मग ती म्हाळसाकाकीच्या पाया पडली. "आत्याबाई," ती म्हणाली. काकीने तिला उठवून तिच्या कपाळावरचं कुंकू सारखं केलं. तिन्हीसांजेच्या आत दोघांना त्यांच्या घरी लावून दिलं, उंबऱ्यावरचं माप ओलांडेपर्यंत ती उभी राहिली.

मी तिच्याबरोबर परत आले. पटांगणातल्या पंगतीचा आवाज तिच्या घरापर्यंत येत होता. आत रिकामी बाज होती, बाळंतशोपेचा वास होता. काकी बाजेच्या काठावर बसली.

"अंजिरा," ती म्हणाली, "सोयर फिटलं?"

"फिटलं, काकी."

"समदं नीट झालं? पोर सुखरूप?"

"सुखरूप हाय. घरी गेलं."

तिने मान हलवली. दोन्ही हातांनी बाजेचा खूर धरला.

"मग दार लोटून घे, बाई," ती म्हणाली. "आता हैबतीचं सुतक हाय मला."

मी दार लोटलं. तिने हैबतीला पहिली हाक मारली तेव्हा मी तिच्या मागे जाऊन बसले, आणि कळा देणाऱ्या बाईची पाठ धरतात तशी दोन्ही हातांनी तिची पाठ धरली.